कुबसाची साडी

इलकल, २४ जानेवारी १९८९

कस्तूर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालशील असं मला वाटतंय. घालायचंच असेल तर वाचून घाल. तीन वर्षं मी तुला लिहिलं नाही, तू मला लिहिलं नाहीस, म्हणजे फिट्टंफाट झाली. आता कुणीतरी सुरुवात करायला हवी आणि तू काही करायची नाहीस. तुमच्या घराण्यात मान खाली घालतात ती फक्त मागावर बसल्यावर.

बनशंकरीच्या जत्रेत तुमच्या बनहट्टीची काशव्वा भेटली. मी बांगड्यांच्या दुकानात घासाघीस करत होते, तर मागून म्हणते कशी, "काय गं नीलव्वा, नणंदेला हिरवा चुडा घेतेस वाटतं?"

मी म्हटलं, "कशाला? कुणाचं काय आहे?"

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, कस्तुरीला पाचवा लागला आणि तुम्हाला पत्ता नाही? माहेर आहे का धर्मशाळा?"

हातातल्या बांगड्या मी तिथेच खाली ठेवल्या. रडू आलं, आणि रागही आला. राग तुझा. पोस्टकार्डावर एक ओळ खरडायला तुझं काय जात होतं?

मग एसटीत बसल्यावर वाटलं, तू तरी कुठल्या तोंडानं लिहिणार? विणकराची पोर, घरात दोन माग, आणि अव्वानं, जन्मदात्या आईनं, तुला बाजारातून आणलेली साडी नेसवून सासरी धाडली. "इंजिनवर माग चालवणाऱ्यांच्या घरात जाणार असेल तर माझ्या मागाचा धागासुद्धा हिच्या अंगावर जाणार नाही," असं तुझा अण्णा ओसरीवर उभा राहून ओरडला, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. सासरी तुला त्यावरून काय काय ऐकावं लागलं असेल ते मला कळतं, मीही सून आहे.

पण ते आता जाऊ दे. सातव्यात तुझं कुबस होईल, ओटी भरून तुझ्या अंगावर खण घालतील. माहेरची हिरवी साडी, खण, चुडा, बुत्तीची शिदोरी भरलेल्या टोपल्या, सगळं रीतीप्रमाणे येणार. आणि कुबस झालं की पहिल्या बाळंतपणाला तुला इकडेच आणायचं, त्यात काही बोलायचं नाही. यांनी हिरवा ताणा चढवलासुद्धा. चांगला लांब, चार साड्यांचा, त्यातली पहिली साडी तुझी. पोपटी नाही, तुला आवडतो तो गर्द. तोंडानं काही बोलत नाहीत, पण सकाळी मागाची खटखट ऐकली की मला बरं वाटतं.

कुबसाची तारीख कळव. चन्नवीरांना नमस्कार सांग, म्हणावं तुमच्या मेव्हण्याचा राग आहे, वैनीचा नाही.

तुझी,
नीलव्वा वैनी


इलकल, ११ फेब्रुवारी

कस्तूर,

तुझं कार्ड आलं. खुशाली विचारली नाहीस, नमस्कार नाही, एकदम मानेवर सुरी. "वैनी, टोप-तेनीच्या ताण्यावर चार साड्या कधीपासून निघायला लागल्या? चार निघतात त्या आमच्याकडे, इंजिनवर."

चुकलं गं बाई. साडीच्या अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा, याच्या फासात त्याचा फास अडकवून टोप-तेनी होते, म्हणून एका ताण्याला एकच पदर आणि एकच साडी. एवढी वर्षं या घरात काढली, मला माहीत नाही होय? पण मी पडले गुळेदगुड्डची, खणवाली. आमच्याकडे एकदा ताणा चढवला की खणांमागून खण निघतात, महिनाभर बघायला नको. लिहिण्याच्या भरात माहेरची सवय बाहेर आली. मी नवी नवरी होते तेव्हा तू म्हणायचीस ना, "दीड वीत कापड विणणाऱ्यांनी साडीवर बोलू नये," तेच धर आणि सोडून दे.

तुझ्या सासूबाई म्हणतात, "माहेर हातमागाचं ना, बघू या काय येतंय ते." म्हणू देत. सासूनं बघू या म्हणायचं नाही तर कुणी म्हणायचं? पण तू त्यांना उलट जे सांगून बसलीस ते मला आवडलं नाही. "येईल ती अण्णाच्या हातची येईल, नाहीतर कुणी येऊच नका." एवढं कशाला ताणायचं कस्तूर? साडी ही साडी. दोनदा धुतली की हातमागाची काय आणि कसली काय. असं मी म्हटलेलं अव्वानं ऐकलं असतं तर मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं, ते सोड.

इकडे सगळं ठीक. थंडीनं यांचे कान बसलेत वाटतं, हाक मारली तर ऐकू जात नाही, आणि स्वतः घरातल्या घरात ओरडून बोलतात. भाकरी वाढ म्हणाले तरी शेजारी दचकतात. तुझ्यासाठी अमीनगडहून करदंट मागवलंय, डिंक-गूळ भरपूर घातलेलं. तारीख १४ एप्रिल, शुक्रवार, हे लक्षात ठेवलं.

साडीची काळजी करू नकोस. जपून राहा, वजन उचलू नकोस.

नीलव्वा वैनी


इलकल, २७ फेब्रुवारी

कस्तूर,

तुझं दुसरं कार्ड पोस्टमननं माझ्याच हातात दिलं हे नशीब. "खणवाली असलीस तरी तू खोटं बोलताना फार बोलतेस. मागावर कोण बसलंय? अण्णा कुठे आहे?"

तर ऐक. मागावर कुणी नाही, कारण माग नाही.

अव्वाच्या मातीला तू आलीस तेव्हा दोन्ही माग उभे होते, तू पाहिलेस. त्यानंतर वर्षभरात ते पडले. व्यापारी म्हणायला लागला, "विरुपण्णा, तुमची एक साडी उतरेपर्यंत माझ्याकडे शेडमधून गाठोडं येऊन विकूनही जातं. नेसणारीला फरक कळत नाही, मग मी कशाला भांडू?" यांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. दार लावून पोट भरत नाही. आधी मोठा माग गेला. दुसऱ्याची लाकडं सोडवून माळ्यावर टाकली. मागाखालचा पाय सोडायचा खड्डा तसाच उघडा राहिला. रोज जेवायला बसलं की समोर तो खड्डा, हे ताट अर्ध्यावर सारून उठायचे. एक दिवस टोपलीनं माती आणून यांनीच तो भरला. मी वरून शेणानं सारवलं. आता तिथे जोंधळ्याची पोती आहेत.

आणि हे कुठे आहेत म्हणशील, तर शेडमध्ये. लाकडाच्या अड्ड्यापलीकडे नवी शेड झाली आहे, तिथे इंजिनच्या मागावर असतात. गल्लीत सांगतात, शेतावर जातो. डबा पंच्याच्या आत लपवतात आणि मागच्या बोळातून जातात. सगळ्या गल्लीला माहीत आहे आणि सगळी गल्ली विचारते, "काय विरुपण्णा, पीक कसं आहे?" कान थंडीनं बसलेले नाहीत. दिवसभर त्या खडखडाटात उभं राहून बसलेत.

तुला वाटत असेल अण्णाचा राग अजून गेला नाही. राग कधीच गेला, कस्तूर. आता लाज आहे. ज्या कामासाठी तुला गल्लीसमोर बोलला, त्याच कामाला स्वतः गेला, मग तुझ्यासमोर उभा कसा राहणार? पाडव्याला मी तुझं नाव काढलं होतं. म्हणाले, "ती सुखात आहे ना? मग झालं." आणि उठून गेले.

मी खोटं का लिहिलं तेही सांगते. या घरात पाळणा हलला नाही, तुला ठाऊक आहे. देव झाले, वैद्य झाले, आता मी कुणाला विचारत नाही. पण तुझं बाळंतपण इथे व्हावं, चार महिने तरी या घरात तान्ह्याचं रडणं ऐकू यावं, अशी मला भूक लागली आहे. साडीशिवाय आम्ही येऊ शकत नाही, आम्ही आलो नाही तर तू येणार नाहीस. म्हणून मी नसलेल्या मागावर ताणा चढवला. तोही धड चढवता आला नाही.

आता साडी होणार नाही. दुकानातली चांगली बघून आणू का? इथे एक दोन घरं अजून हातमागाची आहेत, त्यांच्याकडून विकत घेईन. लाज सोडून विचारते, हो म्हण.

नीलव्वा


इलकल, १३ मार्च

कस्तूर,

यावेळी नशीब नव्हतं. तुझं उत्तर आलं तेव्हा शेड बंद होती, हे दारात दाढी करत बसले होते, आणि पोस्टमननं कार्ड सरळ यांच्या हातात दिलं. उघडं कार्ड, त्यावर दोनच ओळी. "विकतची नको, कुणाचीच नको. अण्णाला सांग, मला कळलंय." पाकिटाला तुझ्या सासरी काय दुष्काळ पडलाय?

मी चुलीपाशी होते. हे आत आले, अर्ध्या गालावर साबण तसाच.

"तिला काय कळलंय?"

मी म्हटलं, "सगळं."

"तू सांगितलंस?"

"आधी खोटं सांगितलं होतं. तिनं पकडलं."

"कसं पकडलं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. हिरवा ताणा, आणि चार साड्या. हे माझ्याकडे बघतच राहिले. "टोप-तेनीवर चार साड्या? अगं बाई, खोटंच लिहायचं होतं तर एक साडी लिहायचीस की!" आणि हसायला लागले. कस्तूर, किती दिवसांनी हा माणूस हसला. पोट धरून हसले, साबण डोळ्यात गेला, तो पुसता पुसता खाली बसले, आणि मग मला कळलं की आता हसणं नाही. पंच्यात तोंड घालून रडत होते. मी तवा उतरवून जवळ जाऊन बसले. मीही रडले.

त्या दिवशी जेवले नाहीत. दोन दिवस बोललेही नाहीत. मी म्हटलं, आता हे कार्ड तुझं शेवटचं.

मग काल सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून पाहते तर पोती ओसरीवर, आणि हे मधल्या घरात कुदळ घेऊन उभे. मी आदल्याच दिवशी सारवलेली जमीन. तोंडात आलेली शिवी मी गिळली. शेजारून तिपण्णाकाका मधल्या अर्ध्या भिंतीवरून डोकावले. "काय रे विरुपण्णा, खजिना शोधतोस का? सापडला तर निम्मा माझा."

हे म्हणाले, "माग लावतोय काका."

"आणि शेती?"

"शेती नाही काका. शेडवर जातो मी. इंजिनवर."

काकांनी मान आणखी पुढे काढली. मग म्हणाले, "हात्तिच्या! ते मला माहीत आहे रे. कुदळ तिरपी धर, कड ढासळेल." आणि फावडं घेऊन आले. यांनी पहिल्यांदा ते तोंडानं म्हटलं, कस्तूर, आणि आभाळ कोसळलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून माती उपसली.

माळ्यावरून लाकडं काढली तर मला वाटलं वाळवीनं खाल्ली असतील. फणी कापडात गुंडाळलेली, पायाखालच्या पावड्यांना तेल लावलेलं. मी विचारलं, "हे कधी केलंत?" तर म्हणाले, "असंच. अधूनमधून." मी याच घरात राहते आणि मला पत्ता नाही.

तुझी,
नीलव्वा


इलकल, ३० मार्च

कस्तूर,

हिरवी साडी मागावर आहे. यावेळी खरीच. तुझा विश्वास बसणार नाही म्हणून ताण्याचा एक धागा कापून आत ठेवला आहे. दातानं ओढून बघ, नखानं खरवड, काय करायचं ते कर.

हे पहाटे उठून मागावर बसतात आणि शेडची वेळ झाली की तसेच पळतात. पहिले काही दिवस मला बघवत नव्हतं. शेडमध्ये पायाला काम नाही, तिथे पाय नुसते उभे. इथे बसले तर डावी पावडी दाबायची तिथे उजवी दाबायचे, धोटा मध्येच अडकायचा. एकदा तर फणी आपटून स्वतःवरच ओरडले, "अरे गाढवा, जन्म काढलास यात!" मग हळूहळू जमलं. मी धोट्यात घालायच्या कांड्या भरून देते. काठ चिक्कीच्या नक्षीचा घेतलाय. अंगाचं कापड एवढं घट्ट आणि एकसारखं आलंय की तिपण्णाकाकांची म्हातारी रोज येऊन नुसता हात फिरवून जाते.

आठ दिवस मी गुळेदगुड्डला होते. खण मी स्वतः विणलाय, माझ्या भावाच्या मागावर बसून. रथाची नक्षी, लाल आणि हिरवा काठ. भाऊ म्हणाला, "अक्का, तुझा हात अजून चालतो की!" मी म्हटलं, "चालायला काय झालंय, तोंडापेक्षा कमीच चालतो." दीड वितीचं का होईना, तुझ्या वैनीच्या हातचं आहे. तो तुझ्या अंगावर मी घालायचा नाही, हे मला कळतं. मूलबाळ असलेल्या सवाष्णीनं घालावा, तुझ्या सासूबाईंनाही तेच बरं वाटेल. काशव्वाला सांगते, ती घालेल. मी टोपल्या सांभाळीन.

आता वाईट बातमी. अंग विणून झालं आणि आम्ही पदराशी येऊन अडकलो. लाल रेशमाचा पदराचा ताणा तयार आहे. पण तो जोडायचा कुणी? हे काम अव्वाचं आणि तुझं. तुम्ही दोघी समोरासमोर बसायच्यात, ती फास पुढे करायची, तू त्यात फास घालायचीस, आणि गप्पा अखंड चालू. मी चहा आणून द्यायची आणि म्हणायची, यात काय एवढं. यांनी जन्मात कधी पदर जोडलेला नाही, पुरुष करतच नाहीत. काल आम्ही दोघं बसलो. मी ओढते ते जास्त, हे ओढतात ते कमी. थोडं जोडून झालं तोच पदराला सुरकुत्या पडायला लागल्या, मग रेशीम तुटलं. यांनी सगळं उसवलं. आज परत बसलो, परत तेच. मला म्हणाले, "तुझी बोटं खणाची आहेत." मी म्हटलं, "आणि तुमची इंजिनची." मग दोघं मिळून परत उसवत बसलो.

तिपण्णाकाकांची म्हातारी म्हणाली, मी देते जोडून, माझी सून बसेल समोर. सोन्यासारखी संधी. तर हे म्हणाले, "नको." मी विचारलं का, तर धोटा हातात घेऊन त्या हिरव्या कापडाकडे बघत बसले. वेळ जवळ आलीय आणि या माणसाच्या डोक्यात काय आहे ते मला कळत नाही. तूच त्याची बहीण, तुला कळलं तर मला सांग.

नीलव्वा


इलकल, ५ एप्रिल

कस्तूर,

साडी होणार नाही. मी यांच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, म्हातारीला बसू द्या, दोन सकाळचं काम आहे. नाही म्हणजे नाही. म्हटलं, मग पदर राहू दे, कापून नेऊ. तर माझ्याकडे असे बघितले जणू मी तुलाच कापायला सांगितलं. शेवटी मी चिडले. भांडी आपटली, म्हटलं, "तुमच्या हट्टापायी तिची पाठवणी बाजारच्या साडीत झाली, आता कुबसही रिकामं करणार. त्या पोरीनं किती सोसायचं? आणि मी?" मी असं कधी बोलले नव्हते. हे जेवणाचं ताट बाजूला सारून म्हणाले, "कागद आण. तिला मी लिहितो."

तू गेल्यापासून यांनी तुला अक्षर लिहिलेलं नाही. मी पेन दिलं आणि भांडी घासायला परसात गेले. काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. चिकटवताना डोळे मिटून घेईन.

नीलव्वा

कस्तूर,

साडी मागावर आहे. हिरवं अंग झालंय, पदर जोडायचा राहिला. गल्लीत जोडून देणाऱ्या आहेत. मी बसू दिलं नाही, कारण पदर तुझ्या हातचा असावा असं मला वाटतं. अव्वा असती तर गोष्ट वेगळी होती.

चौदाला, शुक्रवारी मी आणि नीलव्वा येतोय. खण आहे, चुडा आहे, बुत्ती आहे. साडी नाही. का नाही ते मी तुझ्या सासऱ्यांना आणि आलेल्या सगळ्यांना ओसरीवर उभा राहून सांगेन. मी शेडवर कामाला जातो, पोट त्यावर चालतं, त्यामुळे हातचं काम मागे पडलं. तुला बोललो होतो तेही ओसरीवरूनच बोललो होतो, म्हणून हेही तिथूनच बोलेन. ते हसतील. हसू देत.

तुझ्या लग्नाला साडी दिली नाही ते माझं चुकलं. तीन वर्षं हेच लिहायचं होतं.

कुबस झाल्यावर आमच्याबरोबर ये. नाही आलीस तरी मी पदर दुसऱ्या कुणाकडून जोडून घेणार नाही. साडी तशीच राहील.

अण्णा


बनहट्टी, ९ एप्रिल

वैनी,

अण्णाचं वाचलं. तूही वाचलं आहेस, डोळे मिटून कुणाला पाकीट चिकटवता येत नाही.

सासूबाईंना आणि मामंजींना मीच सगळं सांगून टाकलं, अण्णा ओसरीवर उभा राहायच्या आधी. मामंजी म्हणाले, "इंजिनवर काम करतो त्यात लाजायचं काय? मग आम्ही सगळ्यांनी काय तोंड झाकून फिरायचं?" सासूबाई आधी म्हणाल्या, "साडीशिवाय कुबस कुठं ऐकलंय?" मग विचारलं, साडी का आली नाही. मी सांगितलं, पदर जोडायला मी हवी. त्या उठून पेटीपाशी गेल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या कुबसाला त्यांच्या आईनं दिलेली हिरवी साडी पेटीत आहे, ती नेसवू. ती पण इलकलचीच आहे, वैनी. पदराची उलटी बाजू बघितली मी, फासात फास आहे.

अण्णाला सांग, ओसरीवर उभं राहायचं नाही. आत येऊन माझ्या शेजारी बसायचं. आणि शेडवर चार दिवसांची रजा टाकायची, म्हणजे पदर झाल्यावर लगेच विणायला बसेल.

खण काशव्वा घालणार नाही. तू विणलास, तूच घालायचास. या गोष्टीवर मी सासूबाईंशी भांडले आणि जिंकले. तुलाही भांडायचं असेल तर ये आणि भांड.

करदंट डिंकाचं आण, खोबऱ्याचं नको. माझ्या खोलीत जोंधळ्याची पोती हलवली असशील तर ती काढ, मला तिथेच झोपायचंय. आणि मागासमोर नुसती सतरंजी घालू नकोस. दोन उशा ठेव. मला आता खाली बसलं की उठवत नाही.

कस्तूर